साच्याची बाजू

आपल्या वर्गात एखाद्या कथेला निकालात काढायचं असेल तर एक शब्द पुरतो. साचेबद्ध. तो उच्चारला की पुढे काही सिद्ध करावं लागत नाही. समीक्षेच्या पुस्तकांत तो आहे, उत्तरपत्रिकेत आम्ही तो लिहितो, आणि मंडळातल्या कथावाचनानंतर कुणी ना कुणी तो काढतंच. छापील, ठोकळेबाज ही त्याचीच भावंडं. सगळे शब्द कारखान्यातून आणि छापखान्यातून आलेले, आणि साहित्यात आल्यावर सगळ्यांची अब्रू गेलेली.

आमच्या घरात मात्र साचा ही पोट भरणारी वस्तू आहे. पप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहेत. पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा जो भाग ओतायचा असतो, त्याचा आधी लाकडाचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा नमुना करतात. तो पॅटर्न. तो रेतीत दाबून बाहेर काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते. तो साचा. त्यात वितळलेलं लोखंड ओततात आणि गार झालं की रेती झटकून टाकतात. साचा मोडतो, माल हातात येतो, आणि पॅटर्न पुन्हा वापरायला तयार असतो. लोखंड गार होताना आक्रसतं म्हणून पॅटर्न मापापेक्षा जरासा मोठा करायचा. रेतीतून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. असल्या गोष्टी मी मराठी बाराखडीच्या आसपासच शिकले असेन. पप्पांच्या तोंडी साचा हा शब्द आला की त्यात नेहमी काळजी असते.

एकाच शब्दाच्या या दोन अर्थांचा मी नीट विचार केला तो गेल्या नाताळच्या सुट्टीत. निमित्त झालं दादाच्या व्हिडिओ गेमच्या डिस्कचं.

दादा तीन वर्षांपूर्वी नोकरीला कतारला गेला. जाताना त्याचं प्लेस्टेशन २ आणि डिस्कचा डबा माझ्या कपाटावर ठेवून गेला. डब्यात दोन जाती होत्या. तीसेक डिस्क बाजारातून घेतलेल्या, वरती मार्करनं नावं लिहिलेल्या, म्हणजे सरळ सांगायचं तर पायरेटेड. आणि चार ओरिजिनल, डब्यासकट, पुस्तिकेसकट. सुट्टीत मी एकेक लावून बघितली. मार्करवाल्यांतल्या बऱ्याचशा उघडल्याच नाहीत. चारही ओरिजिनल पहिल्या झटक्यात सुरू झाल्या. दादाला फोनवर सांितलं तर म्हणाला, "टाकून दे गं सगळ्या, आता कोण खेळतंय." पण मला प्रश्न पडला होता. दोन्ही डिस्क दिसायला सारख्या, दोन्हींवर तोच गेम. मग एक गेली आणि दुसरी राहिली, हे कसं?

शोधत गेल्यावर कळलं की त्या दोन डिस्क दोन वेगळ्या रीतींनी तयार झालेल्या असतात. घरच्या किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर जी डिस्क बनते, तिच्या आत रंगाचा एक थर असतो. लेझर त्या रंगावर डाग पाडत जातो. म्हणूनच आपण तिला 'बर्न केली' म्हणतो. त्या रंगाला ऊन, उष्णता आणि दमट हवा मानवत नाही, आणि बेळगावचा पावसाळा तर आपल्याला ठाऊक आहेच. कारखान्यातल्या गेमच्या डिस्कमध्ये रंगाचा थर नसतोच. ती साच्यातून दाबून काढलेली असते. तिच्यावरचा मजकूर म्हणजे प्लास्टिकमध्ये उमटलेले खरे खड्डे असतात.

साच्यातून, हा शब्द वाचला आणि मी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेले. पप्पा चहा पीत होते.

"काय बघूलालीस गं एवढं?" त्यांनी विचारलं.

"डिस्कचा साचा कसा करतात ते."

त्यांनी कप बाजूला ठेवला. पुढचा तास आम्ही दोघं तेच वाचत होतो, बघत होतो. मी इंग्रजीतलं मराठीत सांगायची आणि ते फाउंड्रीतले प्रश्न विचारायचे.

गेम पुरा झाला, कन्सोल बनवणाऱ्या कंपनीनं तपासून मंजूर केला, की त्याची अखेरची प्रत डिस्कच्या कारखान्यात जाते. तिथे सुरुवात होते काचेपासून. आरशासारखी घासून सपाट केलेली काचेची चकती घ्यायची, तिच्यावर प्रकाश लागल्यावर बदलणाऱ्या रसायनाचा अगदी पातळ लेप द्यायचा. मग ती फिरत असताना लेझरनं आतून बाहेर, एका सलग गोल ओळीत, गेमचा सगळा मजकूर लिहायचा. काच धुतली की जिथे प्रकाश पडला तिथला लेप विरघळतो आणि खड्डे उरतात. हे सगळं धूळ नसलेल्या बंद खोलीत चालतं, कारण धुळीचा एक कण म्हणजे त्या खड्ड्यांपुढे डोंगर.

"काच? काच दाब कशी सोसेल?" पप्पा म्हणाले.

सोसत नाही, म्हणून ती साचा होत नाही. तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर चढवतात आणि ती निकेलच्या द्रावणात बुडवून वीज सोडतात. आपल्याकडे नळाच्या तोट्यांना निकेल प्लेटिंग करतात त्याच तत्त्वानं, पण इथे निकेल चांगलं जाड साठू देतात. मग ते सोलून काढायचं. काचेवर जिथे खड्डा होता तिथे निकेलवर उंचवटा आलेला असतो. या पहिल्या निकेलच्या पत्र्याला कारखान्यात बाप म्हणतात. बापावर पुन्हा निकेल चढवून काढलेला पत्रा म्हणजे आई. तिच्यावर पुन्हा खड्डे. आणि आईपासून काढलेली लेकरं, पुन्हा उंचवटे असलेली, ती खरी कामाची. त्यांना स्टॅम्पर म्हणतात. तीच मशिनमध्ये बसतात.

"म्हणजे घरच झालं की सगळं," पप्पा हसले. मग लगेच कामाचा प्रश्न, "एका साच्यातून माल किती निघतो?"

"हजारोंनी. पण मग स्टॅम्पर झिजतो."

"झिजला की?"

"आईकडून दुसरा घ्यायचा."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे आईच पॅटर्न. ती जपायची."

पुढचं मशिन इंजेक्शन मोल्डिंगचं. पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक, त्याचे दाणे आधी वाळवून, ३०० अंश सेल्सियसच्या वर वितळवून, स्टॅम्पर बसवलेल्या साच्यात जोरानं भरतात. साच्यामागून पाणी खेळत असतं. प्लास्टिक उंचवट्यांवरून पसरतं, गोठतं, जरासं आक्रसतं आणि सुटतं. एका चकतीला अवघे काही सेकंद. लोखंडाच्या ओतकामाला गार व्हायला तासन् तास देणाऱ्या माणसाला हे काही केल्या पटेना. व्हिडिओ त्यांनी तीनदा मागे नेऊन बघितला.

या वेळपर्यंत डिस्क काचेसारखी आरपार दिसते. मग निर्वात पेटीत तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळसा मुलामा बसतो, म्हणजे प्लेअरच्या लेझरला परत फिरायला आरसा मिळतो. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या असतात. त्या पारदर्शक गोंदानं चिकटवून अतिनील प्रकाशाखाली वाळवतात, म्हणून मजकूर अगदी मधोमध, सँडविचसारखा सुरक्षित राहतो. ब्लू-रेमध्ये तो पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून तिच्यावर कडक लेप द्यावा लागतो. शेवटी कॅमेऱ्यानं तपासणी, वरच्या बाजूला चित्राची छपाई, डबा, पुस्तिका, प्लास्टिकचं वेष्टन.

आकार लक्षात यावा म्हणून मी पप्पांचा व्हर्नियर कॅलिपर आणला. तो ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो, आणि त्यांच्या कामात तेवढं माप म्हणजे बारकाईची हद्द. डीव्हीडीवर दोन ओळींमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन असतं. म्हणजे व्हर्नियरच्या सगळ्यात लहान मापात डिस्कच्या २७ ओळी बसतात. ती एकच ओळ उलगडून सरळ केली तर जवळपास १२ किलोमीटर होईल. आपल्या कॅम्पातून निघून सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत जाईल एवढी. आणि तो सगळा मजकूर दर काही सेकंदांनी, चूक न करता, पुन्हा छापला जातो. चूक झालीच, किंवा पुढे ओरखडा पडला, तर तो भरून काढायचं गणितही आधीच मजकुरात विणलेलं असतं. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये ते मांडलं. दादाच्या ओरिजिनल डिस्कवर ओरखडे आहेतच की. तरी त्या चालतात.

पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे पॅटर्नचं काम करणारा माणूस लई मोठा असणार." गेम कुणी लिहिला, चित्रं कुणी काढली, हे त्यांनी विचारलंच नाही.

त्यांच्या त्या वाक्यानं मी हललेच. कारण माझ्या अभ्यासक्रमात नेमकं उलटं आहे. लिहिणारा मोठा, आणि छापणारा कुणीच नाही. मग मी साच्याच्या बाजूनं काय बोलता येईल ते शोधायला लागले. वकिलासारखं म्हणा.

पहिला मुद्दा: साचा स्वस्त झाला की धाडस करता येतं. १९९६ मध्ये निन्टेंडोनं आपलं निन्टेंडो ६४ बाजारात आणलं ते कार्ट्रिजवरच. कार्ट्रिजमध्ये चिप असते. ती महाग, बनून यायला वेळ लागतो, आणि सगळ्यात मोठं कार्ट्रिज ६४ मेगाबाइटचं. सोनीच्या प्लेस्टेशनची सीडी ६५० मेगाबाइटच्या आसपासची, शिवाय दाबून काढायला स्वस्त आणि झटपट. 'फायनल फँटसी'चे पहिले सहा भाग निन्टेंडोच्या यंत्रांवर आले होते. सातवा १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, तीन डिस्कवर. एवढी लांबलचक, चित्रफितींनी भरलेली गोष्ट सांगायची मुभा त्या कथाकारांना दिली ती प्लास्टिकच्या चकतीनं.

दुसरा मुद्दा सहीचा. साच्यातल्या मालाला स्वतःची ओळख नसते असं आपण धरून चालतो. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कची गंमत बघा. डिस्कच्या अगदी आतल्या भागात खड्ड्यांची ओळ मुद्दाम किंचित नागमोडी ठेवलेली असायची आणि त्या थरथरीत चार अक्षरं लपवलेली असायची: जपानसाठी वेगळी, अमेरिकेसाठी वेगळी, युरोपसाठी वेगळी. यंत्र आधी ती थरथर वाचायचं, मगच गेम सुरू करायचं. सीडी रायटर मजकुराची अक्षर न् अक्षर नक्कल करायचा, पण ओळीची थरथर त्याला उचलता येत नसे. म्हणूनच पायरेटेड डिस्क चालवण्यासाठी यंत्रात वेगळी चिप बसवून घ्यावी लागायची. आणखी एक खूण तर डोळ्यांनी दिसते. डिस्कच्या मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्याकडे भिंगातून बघा. 'आयएफपीआय' अशी बारीक अक्षरं आणि पुढे काही अंक सापडतील. १९९४ पासून सुरू झालेली ही पद्धत आहे. मास्टर कुठे तयार झाला आणि चकती कुठल्या साच्यातून निघाली, ते या खुणांवरून ओळखता येतं. दादाच्या एका डिस्कवर 'मेड इन ऑस्ट्रिया' छापलंय, आणि कड्यात तिच्या साच्याचा नंबर आहे. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर मुद्रकाचं नाव असतं ना, तसंच. आम्ही ते पानही कधी वाचत नाही.

तिसरा मुद्दा मला रविवारी मिस्सेत सुचला. देवळात बसून असलं सुचू नये, पण सुचलं. होस्तिया साच्यातच भाजलेल्या असतात. गोल, पातळ, सगळ्या एकसारख्या. कम्युनियनच्या रांगेत पुढे डॉक्टर असो की मागे माझे पप्पा, प्रत्येकाला तीच मिळते, आणि आपल्याला वेगळी मिळावी असं कुणाच्या मनातही येत नाही. एकसारखेपणात एक न्याय असतो. टोकियोतल्या पोराच्या हातात जो गेम पडला, तोच सगळाच्या सगळा कॅम्पातल्या आमच्या दोन खोल्यांत आला. कमी प्रतीचा, गरिबांसाठी वेगळा काढलेला, असा नव्हता. चांगल्या साच्याचं कर्तब ते हेच.

आता मराठीच्या विद्यार्थिनीचा मुद्दा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. मजकूर मराठी, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळे तिथे पाडलेले नव्हते. म्हणजे त्या मराठीला साचाच मिळाला नव्हता. आपण ज्याला नावं ठेवतो, त्याच्या अभावी आपल्या भाषेतल्या ग्रंथाला परक्या लिपीत जावं लागलं. दुसरीकडे बघा, फादर स्टीफन्सनी स्वतः काय केलं? ख्रिस्ताची कथा त्यांनी ओवीत लिहिली, जवळपास ११ हजार ओव्या. ओवी त्यांची नव्हती. संतांनी आणि जात्यावरच्या बायांनी वापरून गुळगुळीत केलेला तो साचा होता. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसानं तो उचलला आणि त्यात आपलं लोखंड ओतलं. या ग्रंथाला साचेबद्ध म्हणायची कुणाची हिंमत आहे? मला वाटतं आपला राग साच्यावर नसतोच. आत काहीही न ओतता नुसता साचा पुढे करणाऱ्यावर असतो. पण बोल मात्र साच्याला लागतो.

'क्रिस्तपुराणा'ची पुढची हकिगतही इथे सांगायला हवी. त्याच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या, आणि आज त्यांतली एकही छापील प्रत सापडत नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी घरोघरी हातानं उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्यांच्यावरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. साचा पुष्कळ प्रती देतो. त्या जपायचं काम साचा करत नाही. ते प्रत ज्याच्या हातात पडली त्याच्याकडे येतं.

आणि इथे मला आजच्या डिस्कची काळजी वाटते. प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर १०० गीगाबाइटपर्यंत मजकूर मावतो. पण गेम डिस्कवरून थेट चालत नाही. तो आधी यंत्रात उतरवून घ्यावा लागतो, वर इंटरनेटवरून दुरुस्त्या याव्या लागतात, आणि डिस्क आत ठेवायची ती फक्त 'मी मालक आहे' एवढं दाखवायला. २०२० मध्ये याच यंत्राची डिस्कसाठी जागाच नसलेली आवृत्तीही निघाली. 'द क्रू' नावाचा मोटारींचा गेम २०१४ मध्ये आला होता, डिस्कवरसुद्धा. मार्च २०२४ अखेर कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून ती डिस्क ज्याच्याकडे आहे त्यालाही तो अधिकृतपणे खेळता येत नाही. खड्डे शाबूत, मुलामा शाबूत, साचा निर्दोष, आणि तरी हातात काही नाही. फाउंड्रीच्या भाषेत सांगायचं तर माल पास झाला, पण चावी गिऱ्हाइकाला दिलीच नाही.

डिस्क नसलेल्या गेमची सोय मला कळते. प्लास्टिक कमी लागतं, दुकानात जावं लागत नाही. पण जी वस्तू मित्राला चार दिवस देता येत नाही, जुनी म्हणून विकता येत नाही, धाकट्या बहिणीच्या कपाटावर ठेवून कतारला जाता येत नाही, ती आपली कशी म्हणायची? साच्यातून निघालेली चकती ज्या क्षणी डब्यात पडते त्या क्षणी ती कारखान्यापासून सुटलेली असते. कुणी ती परत मागू शकत नाही. गरीब घरांना ही सुटका फार मोलाची आहे. आमच्याकडे बहुतेक वस्तू कुणाच्या तरी हातून पुढे आलेल्याच असतात.

यात एक बारीक गोष्ट मला शेवटी लक्षात आली. छापलेल्या डिस्कवर आपल्याला काहीच लिहिता येत नाही. दादानं शेकडो तास खेळून त्या चार डिस्कवर एक खड्डासुद्धा वाढवला नाही. त्याचं जे काही होतं, म्हणजे कुठवर पोहोचला, काय जिंकला, कुठल्या गाडीला कुठला रंग दिला, ते सगळं ८ मेगाबाइटच्या एका छोट्या मेमरी कार्डात आहे. डिस्क जगभर सारखी, कार्ड प्रत्येक घरचं वेगळं. दोन्ही लागतात. नुसत्या कार्डावर गेम चालत नाही.

मार्करवाल्या डिस्क मी भंगारवाल्याला दिल्या. चार ओरिजिनल पुसून डब्यात ठेवल्या, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. कार्डही त्यातच. पप्पांनी डब्यावर चिठ्ठी चिकटवली, फाउंड्रीत पॅटर्नच्या कपाटावर लावतात तशी: नाव, तारीख, आणि खाली 'चालू स्थितीत'.